कोल्हापुरात घर बांधताना सेप्टिक टँकची परवानगी आणि नकाशा : पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव किंवा उजळाईवाडीच्या बाजूला प्लॉट घेणारा माणूस रस्ता, पाणी आणि वीज यांची चौकशी न सांगता करतो. घरातला मैला कुठे जाणार, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा पायाची खुदाई सुरू झाल्यावर निघतो आणि मग गवंडी दाखवील त्या कोपऱ्यात खड्डा काढला जातो. भुयारी गटार नसलेल्या भागात सेप्टिक टँकला पर्याय नाही, हे खरे आहे. पण ती कुठे, केवढी आणि कशी बांधायची हे नियमांनी ठरवून दिलेले आहे आणि ते नकाशावर दाखवावे लागते.

सेप्टिक टँकसाठी स्वतंत्र परवाना काढायचा नसतो. ती बांधकाम परवानगीचाच एक भाग आहे, त्यामुळे घराचा नकाशा मंजुरीला जाईल तेव्हाच टाकी, शोषखड्डा (टाकीतून निघालेले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) आणि त्यांना जोडणारी पाइपलाइन कागदावर आलेली असली पाहिजे. यात टाकी हा सोपा भाग आहे, कारण पाच माणसांच्या टाकीला खाटेएवढी जागा पुरते. खरा पेच टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. त्याला घरापासून सहा मीटरचे अंतर लागते आणि गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ते अंतर सहजासहजी सापडत नाही. म्हणून घराच्या खोल्या आखण्याआधी या पाण्याची जागा ठरवावी, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी : अर्ज कोणाकडे करायचा

महापालिका हद्दीत परवानगीचे काम नगररचना विभागाकडे चालते. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चारपैकी ज्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत आपला प्लॉट येतो, तिथे आधी एकच गोष्ट विचारावी : आपल्या रस्त्यावर भुयारी गटार आहे का, आणि नसल्यास सर्वांत जवळची लाइन किती अंतरावर आहे. महापालिकेचे गटार शंभर फुटांच्या आत असेल तर त्याला जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, तेव्हा अशा ठिकाणी टाकीचा विचार सोडून जोडणीचाच अर्ज करावा. गटारात गेलेला मैला शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचण्याची सोय तरी असते. उघड्या नाल्यात सोडलेला थेट पंचगंगेत जातो.

शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्या गावांतला अर्ज त्याच्याकडे जातो. आपले गाव त्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारले तरी कळते. यादीबाहेरच्या गावांत गावठाणातले बांधकाम ग्रामपंचायतीच्या परवानगीने होते, तर गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी महसूल विभाग आणि नगररचना शाखा यांच्याकडे जावे लागते आणि त्याआधी जमीन बिनशेती आहे की नाही, हा प्रश्न निकालात काढावा लागतो. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर आधी तो नियमित करून घ्यावा. त्याशिवाय नकाशा पुढे सरकत नाही.

कार्यालय कोणतेही असले तरी नियमावली बहुतांशी एकच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू केली. अभियंते तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुढे दिलेली अंतरे आणि किमान मापे तिच्यातली आहेत, आणि टाकीच्या आतल्या रचनेसाठी भारतीय मानक २४७० हा आधार धरला जातो. त्याच्या पहिल्या भागात टाकीचे आणि दुसऱ्या भागात टाकीतून निघणाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीचे नियम आहेत.

दुसरी पायरी : कागद गोळा करणे

सातबारा किंवा सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, भूमि अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, झोन दाखला, घरफाळ्याची चालू पावती आणि परवानाधारक अभियंत्याचे किंवा आर्किटेक्टचे संमतिपत्र, एवढे कागद हाताशी असले की बाकीचे अभियंता सांगेल. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर नियमावलीत सोपी वाट ठेवली आहे : अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा शुल्कासह सादर केला की त्याची पोच हीच परवानगी धरली जाते. मात्र या सवलतीमुळे नियम माफ होत नाहीत. मापे आणि अंतरे पाळल्याची जबाबदारी अधिकाऱ्याकडून मालकाच्या आणि अभियंत्याच्या सहीवर येते, इतकाच फरक पडतो.

पंचगंगेच्या किंवा तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठच्या गावात जागा असेल तर पूररेषा तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. नदीकाठ आणि निळी रेषा (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) यांच्यामध्ये घर बांधता येत नाही; निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मधल्या पट्ट्यात बांधकामाची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, हे कोल्हापूरकराला पाठ असते. पण घराचा जोता उंच केला म्हणजे भागले, असे समजून टाकी मात्र अंगणाच्या पातळीला बांधणारे पुष्कळ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत जे पाणी घराघरांत शिरले, त्यात टाक्यांमधला मैलाही मिसळलेला होता, हे विसरून चालणार नाही.

तिसरी पायरी : जमीन पाणी किती पिते ते पाहणे

ही चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि पुढची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. कोल्हापूरच्या आसपास एकाच गावात तीन प्रकारची जमीन सापडते. नदीकाठाला खोल काळी माती, माळावर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, पन्हाळ्याच्या बाजूला तांबडी जांभ्याची जमीन. मुरूम पाणी पितो, काळी माती भिजली की फुगून बसते आणि पाषाण काहीच घेत नाही. शेजाऱ्याचा शोषखड्डा नीट चालतो म्हणून आपलाही चालेल, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

चाचणीला फारसा खर्च नाही. शोषखड्डा किंवा शोषचर (त्याच कामाचा उथळ, लांब चर) जेवढ्या खोलीवर येणार, तेवढ्या खोलीपर्यंत साधारण १०० मिलिमीटर व्यासाचे भोक घ्यावे. पहारीने किंवा गिरमिटाने घेतलेल्या भोकाच्या बाजू चोपून गुळगुळीत झालेल्या असतात, त्या चाकूने खरवडून घ्याव्यात, सुटी माती काढून टाकावी आणि तळाशी पाच सेंटिमीटर बारीक खडी घालावी. मग भोकात किमान ३० सेंटिमीटर पाणी भरून ते रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून त्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. रात्रभर मुरवण्याची पायरी गाळू नये, विशेषतः उन्हाळ्यात : मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, त्यात ओतलेले पाणी बघता बघता नाहीसे होते आणि जमीन चांगली असल्याचा समज होतो. तीच जमीन जुलैत घोटभर पाणी घेत नाही.

उत्तर ३० मिनिटांच्या आत आले तर शोषखड्डा चालतो, शोषचरही चालतो. ३० ते ६० मिनिटे लागत असतील तर खड्ड्याऐवजी शोषचर घ्यावा, कारण त्यात पाणी उथळ आणि लांबवर पसरते. ६० मिनिटांच्या पुढे गेल्यास जमिनीत मुरवण्याचा विचार सोडून टाकीनंतर जैविक गाळणीची, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीची, व्यवस्था करावी लागते. तिची रचना अभियंत्याकडूनच करून घ्यावी. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पातळीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर खोल खड्डा घेऊ नये. भर घालून उंचावलेल्या जागेत शोषचर करावा. शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी किती वर येते, हे विचारले की याचा अंदाज लागतो.

चौथी पायरी : प्लॉटवर जागा शोधणे

नियम थोडक्यात असा आहे. शोषखड्डा किंवा शोषचर पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही स्रोतापासून किमान १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट, दूर असला पाहिजे आणि राहत्या इमारतीपासून किमान ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट. विहीर किंवा बोअर शेजाऱ्याचा असला तरी अंतर तेच. राहती इमारत म्हणजे फक्त आपलेच घर नव्हे, हे तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

आता हा नियम प्रत्यक्ष प्लॉटवर ठेवून पाहू. प्लॉट १२ मीटर रुंद आणि २० मीटर खोल आहे, म्हणजे २४० चौरस मीटरचा, जवळपास अडीच गुंठ्यांचा, असे धरा. पुढे ३ मीटर मोकळी जागा सोडली आणि शोषखड्डा मागे घेतला, तर ६ मीटर अंतर, खड्ड्याची किमान ०.९ मीटर रुंदी आणि कुंपणापासून थोडी मोकळीक मिळून मागे साधारण साडेसात मीटर लागतात. घराला उरते साडेनऊ मीटर खोली. बेताच्या घराला एवढी पुरते. पण मागच्या प्लॉटवाल्याने आपल्या हद्दीपासून दीड-दोन मीटर सोडून घर बांधले असेल, तर आपला खड्डा त्याच्या भिंतीपासून सहा मीटरच्या आत येतो आणि सगळे गणित कोसळते. एका गुंठ्याच्या प्लॉटवर, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फुटांवर, घर आणि वीस फुटांवरचा शोषखड्डा दोन्ही बसणे जवळजवळ अशक्यच.

यातून निघायच्या वाटा थोड्या आहेत. घर प्लॉटच्या एका कडेला सरकवून मोकळी जागा एकीकडे साठवावी. कॉलनीतल्या तीन-चार प्लॉटवाल्यांनी ले-आउटच्या मोकळ्या जागेत सामाईक व्यवस्था करण्याची परवानगी मागावी. किंवा टाकीनंतर गाळणी बसवून पाणी शुद्ध करून घ्यावे. टाकीतून निघालेले पाणी पुरेशी प्रक्रिया केल्याशिवाय उघड्या गटारात, नाल्यात किंवा तळ्यात सोडायला नियमावलीची स्पष्ट मनाई आहे. प्रत्यक्षात मात्र कागदावर शोषखड्डा दाखवायचा आणि टाकीचा ओव्हरफ्लो रात्रीत रस्त्याकडेच्या गटाराला जोडायचा, हाच प्रकार सर्रास चालतो. उपनगरांत पावसाळ्यात गटारांना येणारा वास त्याचाच आहे. प्लॉट अजून घेतलेला नसेल, तर ही सहा मीटरची मोजणी खरेदीखताआधी करावी, असे मी सुचवीन.

पाचवी पायरी : टाकीचे माप आणि काटछेद

नियमावलीनुसार टाकीची आतली रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याच्या पातळीखालची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या किमान दुप्पट आणि पाणी मावण्याची क्षमता किमान १ घनमीटर हवी. मानकातल्या कोष्टकाप्रमाणे पाच माणसांसाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली पुरते. दहा माणसांसाठी लांबी २ मीटर आणि रुंदी ०.९ मीटर धरून, वर्षाला उपसा करणार असाल तर खोली १ मीटर आणि दोन वर्षांनी करणार असाल तर १.४ मीटर घ्यावी. या खोलीच्या वर स्लॅबपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर रिकामी जागा ठेवावी लागते.

माणसे मोजताना आजची मोजू नयेत. वर मजला चढवून भाडेकरू ठेवायचा विचार असेल तर ते आत्ताच धरावेत, कारण टाकी नंतर मोठी करता येत नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरते म्हणून मात्र टाकी तिप्पट करण्याचे कारण नाही.

काटछेदात, म्हणजे टाकी उभी कापल्यावर आतून कशी दिसेल त्या आकृतीत, काही गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मैला आत येण्याच्या आणि पाणी बाहेर जाण्याच्या दोन्ही तोंडांना इंग्रजी टी अक्षरासारखे जोड हवेत, म्हणजे वर तरंगणारी साय ढवळली जात नाही आणि ती पाण्याबरोबर बाहेरही पडत नाही. बाहेरचे तोंड आतल्या तोंडापेक्षा ५ सेंटिमीटर खाली असावे. टाकी दोन हजार लिटरच्या पुढची असेल तर दोन तृतीयांश लांबीवर मधली भिंत घालून दोन कप्पे करावेत. पाइपचा व्यास किमान १०० मिलिमीटर. व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणारा पाइप, किमान ५० मिलिमीटरचा, वरच्या तोंडाला डास जाणार नाहीत अशी जाळी. टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल, आणि आपल्याकडे ती असतेच, तर हा पाइप इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावा लागतो.

टाकीचा तळ पक्काच हवा. हे वेगळे सांगण्याचे कारण असे की, काही गवंडी तळ मोकळा ठेवायचा सल्ला देतात आणि वर अशी टाकी कधी भरत नाही, असे कौतुकही करतात. ती भरत नाही, कारण कच्चा मैला जमिनीत उतरत असतो आणि पुढे कोणाच्या तरी बोअरला लागतो. तळ उघडा असलेल्या खड्ड्याला सेप्टिक टँक म्हणून मंजुरी नसते.

न्हाणीचे आणि मोरीचे पाणी टाकीत घ्यायचे की नाही, तेही इथेच ठरवावे. लहान घराला ते वेगळे ठेवणे सोयीचे : साबणाचे आणि तेलकट पाणी टाकीतल्या जिवाणूंचे काम बिघडवते आणि टाकीही मोठी लागते. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारे छोटे चेंबर देऊन ते परसातल्या केळी-अळूला किंवा वेगळ्या शोषखड्ड्याला सोडता येते. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत किंवा तिच्या शोषखड्ड्यात कधीही घेऊ नये.

सहावी पायरी : नकाशावर काय दाखवायचे

जागेचा नकाशा सहसा १:५०० प्रमाणात आणि इमारतीचा १:१०० प्रमाणात असतो. मैला विल्हेवाटीचा तपशीलही १:१०० पेक्षा लहान प्रमाणात चालत नाही. ड्रेनेजच्या रेषा लाल तुटक काढायच्या असतात. टाकी, चेंबर, शोषखड्डा, व्हेंट पाइप, पाइपचा व्यास, उताराची दिशा, आपली आणि शेजाऱ्यांची विहीर किंवा बोअर, जवळचा ओढा किंवा नाला, आणि या सर्वांमधली अंतरे मीटरमध्ये लिहिलेली असावीत. चेंबरमध्ये उपलाइन मुख्य लाइनला ४५ अंशांपेक्षा जास्त कोनात मिळू नये. शोषखड्ड्याच्या काटछेदात त्याची किमान ९० सेंटिमीटर रुंदी, येणाऱ्या पाइपखाली किमान १ मीटर खोली आणि सुक्या सांध्यांच्या दगडी किंवा विटांच्या अस्तरामागे साडेसात सेंटिमीटर खडीचा थर दाखवावा. शोषचर असेल तर त्याची लांबी ३० मीटरपर्यंतच ठेवता येते आणि दोन चरांत १.८ मीटर अंतर लागते.

नकाशावर सही करण्याआधी मालकाने एक काम स्वतः करावे : टेप घेऊन जागेवर उभे राहावे आणि कागदावरचे बारा आणि सहा मीटर खरोखर भरतात का, ते मोजावे. कार्यालयात बसून काढलेल्या नकाशात शेजाऱ्याचा बोअर राहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि ते काम अभियंताच करतो. कार्यालयाने त्रुटी कळवली तर ती मुदतीत दुरुस्त करून द्यावी. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळालीच असे, समजण्याची तरतूद १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. पण नकाशा नियमाप्रमाणे असेल तरच ती लागू होते, त्यामुळे तिच्या भरवशावर खुदाई काढू नये.

सातवी पायरी : बांधकाम आणि भोगवटा प्रमाणपत्र

काम चालू असताना टाकीचा तळ, टी जोड, मधली भिंत आणि शोषखड्ड्याचे अस्तर यांचे फोटो काढून ठेवावेत. स्लॅब पडल्यावर यातले काहीच दिसत नाही. स्लॅब टाकण्याआधी टाकी काठोकाठ भरून चोवीस तास पातळीवर लक्ष ठेवावे. पातळी उतरली तर गिलावा पुन्हा करून घ्यावा. उपशासाठी झाकण प्रत्येक कप्प्यावर हवे आणि गाडीचा पाइप तिथपर्यंत पोचला पाहिजे. झाकणावर फरशी बसवून वर तुळशीवृंदावन बांधलेली घरे मी पाहिली आहेत. उपसा करायची वेळ आली की तिथे फरशी फोडावी लागते. जागेवरचे काम मंजूर नकाशापेक्षा वेगळे झाले असेल तर सुधारित नकाशा सादर करूनच भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे घर राहायला वापरण्याच्या परवानगीचा, अर्ज करावा.

वापर सुरू करताना टाकी आधी बाहेरच्या तोंडापर्यंत साध्या पाण्याने भरावी आणि चालू टाकीतला थोडा गाळ किंवा चांगले कुजलेले शेण तीत टाकावे. ॲसिड आणि फिनाइल सढळ हाताने ओतण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण त्याने जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते.

उपसा दोन ते तीन वर्षांतून एकदा, मैला उपसणाऱ्या गाडीनेच करून घ्यावा आणि तळाशी सुमारे अडीच सेंटिमीटर गाळ राहू द्यावा. टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते आणि काम सांगणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार, हेही विचारावे. पूरपट्ट्यात उपसा एप्रिल-मे महिन्यात उरकावा, पण लगेच टाकी पुन्हा पाण्याने भरून ठेवावी : भूजल वर आले की रिकामी टाकी, त्यातही प्लॅस्टिकची तयार टाकी, जमिनीतून वर उचलली जाते आणि तिचे पाइप तुटतात.